बेट्टा माशाची शेपटी: फाटली की सडतेय?

जळगावकर: १५ लिटरची टाकी, बोअरचं पाणी, दुपारी ३२ अंश. शेपटीची कड काळपट, रोज आत सरकतेय. मीठ टाकू?

भुसावळ_टाकी: भाऊ, सरळ चीर असती तर ओरखडा. काळी कड आत सरकते म्हणजे सड. आधी पाणी! तळाची घाण ओढत रोज ४ लिटर बदला. अमोनिया (माशाच्या घाणीतून होणारं विष) शून्य हवा. पाणी हळूहळू २७ अंशांवर आणा, टाकीत बर्फ नको.

धुळे_मासे: मीठ बिनआयोडीनचं, लिटरला १ ग्रॅम, विरघळवून. नंतर बदललेल्या ४ लिटरपुरतं ४ ग्रॅमच. आटलेल्या पाण्यासाठी साधं पाणी घाला. मीठ उडून जात नाही, इथेच बहुतेक चुकतात. १० दिवस पुरे.

जळगावकर: प्लास्टिकचं झाड ठेवू?

धुळे_मासे: नायलॉनचा मोजा घासून बघा. धागा अडकला तर झाड काढाच. कडेला पारदर्शक पापुद्रा दिसला तर ती नवी वाढ, सड नव्हे.