तुमच्या घरातलं कोणतं काम गेलं, कोणतं आलं? इंदूरकरांनो, अनुभव लिहा

रामबाग
परवा भाची सुपर कॉरिडॉरवरच्या ऑफिसातून आली आणि जेवताना म्हणाली, "मावशी, मीटिंगची टिपणं आता एआयच काढतं. ते काम करायची त्या मुलीला दुसरीकडे टाकलंय." मला रात्री झोप लागेना. २००० नंतरची काही वर्षं मी इथेच मेडिकल ट्रान्सक्रिप्शन करायचे. अमेरिकेतले डॉक्टर पेशंट तपासून झाल्यावर बोलून ठेवायचे, ते आवाज आमच्या रात्रपाळीला यायचे, ते ऐकून आम्ही टाइप करायचो. कानात हेडफोन, पायाखाली पेडल. मधे दाबलं की आवाज सुरू, बाजूला दाबलं की मागे. एक डॉक्टर खाता खाता बोलायचा. 'फिफ्टीन' म्हणाला की 'फिफ्टी' यासाठी तेवढाच तुकडा पुन्हा पुन्हा ऐकायचा, कारण औषधाचा डोस चुकला तर तिकडच्या माणसाच्या जिवाशी गाठ. पैसे ओळीवर. ओळ म्हणजे मोकळ्या जागा धरून ६५ अक्षरं. इंग्रजी बोलायला बिचकणाऱ्या कितीतरी मुलींनी त्या पैशांवर घर चालवलं, बहिणींची लग्नं केली.

मग मशीनच ऐकून कच्चा मजकूर टाइप करू लागलं, आम्ही तपासायचं. ऐकावं पूर्णच लागे, दर मात्र निम्मा. पुढे ऑफिसच बंद झालं. रडगाणं गात नाहीये. मला खरंच ऐकायचंय, तुमच्याकडे काय झालं?

परदेशीपुरा
बाबा कापड मिलमध्ये, साचेखात्यात, म्हणजे मागांवर. भोंगा बंद पडला तेव्हा आईला डबा कधी भरायचा तेच कळेना. सगळे म्हणतात ९१ नंतर बाहेरचा माल आला आणि मिल बसल्या. बाबांनी हे कधी मानलं नाही. साचे आजोबांच्या वेळचे, सुटे भाग मिळेनात, आणि पॉवरलूमचा कपडा आमच्यापेक्षा स्वस्त. "बाजार उघडायच्या आधीच आपण मागे पडलो होतो," हे त्यांचं ठाम मत होतं आणि मलाही ते पटतं. तंत्र बदलत होतं, आपल्या गल्लीपर्यंत आलं नाही एवढंच.

हुकुमचंद मिल १९९१ च्या डिसेंबरात बंद झाली. तिथल्या सुमारे ४,८०० कामगारांच्या थकबाकीचे २२४ कोटी सुटले २५ डिसेंबर २०२३ ला. कित्येक घरांतून पैसे घ्यायला वारसच आले. त्या दिवशी आमच्या गल्लीत पेढे वाटले आणि लोक रडलेही. अनंत चतुर्दशीला मिलांच्या झांक्या, म्हणजे सजवलेले चित्ररथ, मात्र अजून निघतात, मुलांना घेऊन नक्की जा.

लोकमान्यनगर
वाचून पोटात कालवलं. बाबांना नमस्कार.

पुणे_मुक्काम
मी लग्न होऊन पुण्यात. दहा मिनिटांत सामान आणणाऱ्या अ‍ॅपवर 'इंदोरी जीरावन' मसाला दिसला, लगेच मागवला. चव बरी आहे, पण पोह्यावर टाकला तर आपल्याकडचा वास नाही. कोणी पार्सल करेल का?

छावणीवाला
ताई, पत्ता कळवा, पाठवतो.

मूळ विषयावर: आमची धान्याची आडत, माझी तिसरी पिढी. वडील पेपर वाचून आणि ट्रंक कॉल लावून भाव काढायचे. मी उठल्या उठल्या शिकागोचं सोयाबीन बघतो, मग मलेशियाचं पाम तेल, मग डॉलर. माळव्यात पाऊस पडला का हे चौथ्या नंबरला. २००० साली आयटीसीने आपल्या मध्य प्रदेशातच ई-चौपाल सुरू केलं, तेव्हा आमच्या घरी सुतकासारखं वातावरण होतं. शेतकरी गावातल्या कॉम्प्युटरवर भाव बघून माल तिकडेच देणार, आमच्याकडे कोण येणार? आमचा धंदा कमी झाला, पण शेतकऱ्याचं भलं झालं हे मी छातीवर हात ठेवून सांगेन. ट्रॉली घेऊन मंडीत रात्र काढणं वाचलं, काट्यावर त्याची नजर आली.

तरी तो जिंकला असं म्हणवत नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये कच्च्या खाद्यतेलावरचं मूळ आयात शुल्क शून्यावरून २० टक्के केलं, म्हणजे बाहेरचं तेल महागून इथल्या सोयाबीनला भाव यावा, पण त्याच हंगामात सोयाबीन क्विंटलला ४,८९२ रुपयांच्या हमीभावाखाली विकलं गेलं. शिकागोचा भाव त्याला मोबाईलवर दिसतो हो, पण माल थांबवून ठेवायला घरात पैसा लागतो, तो कुठून आणणार?

रामबाग
दादा, हे कोणी सांगत नाही. लिहीत राहा.

पाटनीपुरा
घाईत लिहितोय, शिफ्ट आहे. मोठा भाऊ पीथमपूरच्या कारखान्यात टर्नर, लेथवर. जॉबवरून, म्हणजे मशीनवरच्या धातूच्या तुकड्यावरून, बोट फिरवून सांगायचा, अजून एक हलका कट घे. सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारी मशीनं, आल्यावर पंचेचाळिशीत प्रोग्रॅमिंग शिकला, रात्री वहीत कोड लिहून पाठ करायचा. आता तीन मशीनवर एक माणूस. नवी पोरं स्क्रीन फटाफट चालवतात, पण जॉबला थरथर आली की त्यालाच हाक मारतात. मालक पगारात हे धरत नाहीत, याचा मला राग येतो.

खंडवा_रोड
काका-काकू, मी फायनल इयरला आहे. माझा पहिला इंटरव्ह्यू लॅपटॉपशीच झाला. समोर माणूस नाही, स्क्रीनवर प्रश्न येतो, नव्वद सेकंदांत उत्तर. सांगून ठेवलेलं, नजर कॅमेऱ्यावरून हलवायची नाही. मी चांगलं बोललो की वाईट हे कोणाच्या चेहऱ्यावर बघायचं? निकालाचा मेल आला, कारण नाही. आईला काय सांगू कळेना.

परदेशीपुरा
आईला खरं सांग बाळा. तू नापास नाहीस.

पुणे_मुक्काम
मी एचआरमध्येच आहे. तिथे उत्तर छोटं हवं, आधी काय केलंस ते, मग कसं केलंस ते, आणि जाहिरातीतले शब्द उत्तरात यायला हवेत. चांगल्या मुलांना यात गाळलं जातं, मी ऑफिसात भांडते. रविवारी व्हिडिओ कॉलवर सराव घेऊ?

खंडवा_रोड
हो ताई! सकाळी चालेल?

लोकमान्यनगर
माझी मुलगीही बसली तर चालेल का? तिचं कॅम्पस पुढच्या महिन्यात आहे.

पुणे_मुक्काम
दोघंही या. दहानंतर करा, त्याआधी माझ्या सासूबाईंची फिजिओथेरपी असते.