चर्चा: सी१ हातात असताना विद्यापीठात भाषेची पदवी कशाला?

कोरा_कागद
थेट मुद्द्यावर येतो. युरोप परिषदेने २००१ मध्ये परभाषा कितपत येते हे मोजायची चौकट आखली आणि ए१ (नवशिका) ते सी२ (सगळ्यांत वरची) अशा सहा पातळ्या ठरवून दिल्या. तेव्हापासून 'तुला जर्मन कितपत येतं?' या प्रश्नाला एका अक्षराचं आणि एका आकड्याचं उत्तर आहे. परीक्षा द्या, प्रमाणपत्र घ्या, कामाला लागा. मग तीन-चार वर्षं विद्यापीठात बसून लोक नक्की काय कमावतात? मी चाळलेल्या अभ्यासक्रमांत शेवटच्या वर्षाला बारोक (सतराव्या शतकातल्या अलंकारिक शैलीची) कविता, ध्वनिबदलांचा इतिहास, साहित्यिक उताऱ्यांचं भाषांतर आणि एक प्रबंध होता. संभाषणाचा तास आठवड्याला एक, तोही वर्गभर वाटून.

आता हिशोब करू. अमेरिकी परराष्ट्र खात्याची प्रशिक्षण संस्था इंग्रजीभाषक अधिकाऱ्याला रशियनमध्ये कामापुरता तयार करायला ४४ आठवडे, म्हणजे ११०० वर्गतास धरते. विद्यापीठात भाषेचे म्हणून आठवड्याला चार तास आणि वर्षाला २५ आठवडे मिळाले, तर वर्षाचे १०० तास होतात. तीन वर्षांचे ३००. बाकीचे ८०० तास आकाशातून पडणार का? माझं मत असं की प्रगत वर्गात साहित्य ऐच्छिक करावं आणि तो सगळा वेळ भाषेला द्यावा. आता झोडपा.

वाचनमात्र
जागा धरून बसले आहे. कोणीतरी 'साहित्य हा भाषेचा आत्मा' म्हणेल त्याची वाट बघतेय.

समासचिन्ह
आत्म्याबद्दल बोलत नाही, क्रियापदाबद्दल बोलते. वर्षानुवर्षं जर्मन शिकवतेय, तेव्हा उदाहरण तिथलंच.

जर्मन वर्तमानपत्रात बातमी असते: मंत्र्यांना यातलं काही माहीत नव्हतं. 'एर हाबे दाफोन निश्ट्स गेवुस्ट.' इथे क्रियापदाचं साधं रूप 'हाट' नाही, 'हाबे' आहे. म्हणजे हे मंत्र्याचं म्हणणं, पेपर त्याची हमी देत नाही. इथवर बी२चं व्याकरण झालं, कुठलाही क्लास शिकवतो. खरी गंमत पुढे आहे. त्यानंतरची पाच-सहा वाक्यं 'मंत्री म्हणाले' असं एकदाही न म्हणता नुसत्या त्या रूपावर चालतात. मध्येच एका वाक्यात क्रियापद साध्या रूपात येतं आणि तिथे वार्ताहर स्वतः बोलायला लागलेला असतो. माझ्यासमोर सी१ पास झालेले विद्यार्थी बसतात, त्यातल्या बऱ्याच जणांना हा सांधा दिसत नाही. अख्खा परिच्छेद मंत्र्याच्या नावावर खपवतात, नाहीतर अख्खा पेपरच्या.

हे दिसायला लांबलचक गद्य वाचावं लागतं आणि 'हे वाक्य नक्की कोणाचं?' असं कोणीतरी डोक्यावर बसून विचारावं लागतं. परीक्षेतला उतारा पानभराचा असतो. तेवढ्यात आवाज बदलायला वावच नसतो. कादंबरीत तो पानोपानी बदलतो. म्हणून कादंबरी.

कोरा_कागद
@समासचिन्ह, उदाहरण झकास, पण ते माझ्याच बाजूचं आहे. तुम्ही बातमी वापरलीत. संपादकीयं, न्यायालयाचे निकाल, संसदेतल्या चर्चा असं लांब गद्य हवं तेवढं आहे. सतराव्या शतकातली शोककविता त्यासाठी कशाला लागते?

गुंतवळ
ती का शिकवतात याचं उत्तर इतिहासात आहे, आणि ते फारसं गौरवाचं नाही.

जुन्या इंग्रजी विद्यापीठांत आधुनिक भाषा हा पदवीचा विषय उशिरा आला. केंब्रिजमध्ये १८८० च्या दशकात, ऑक्सफर्डमध्ये १९०३ साली. ग्रीक-लॅटिनवाल्यांनी नाकं मुरडली. फ्रेंच बोलणं हे प्रवाशाचं किंवा गव्हर्नेसचं (श्रीमंतांच्या घरी मुलांना शिकवणाऱ्या बाईचं) काम, त्यात विद्वत्ता ती कसली! मग 'आम्हीही तितकेच कठीण आहोत' हे दाखवायला अभ्यासक्रमात गॉथिक (जर्मनच्या कुळातली मृत भाषा) आणि प्राचीन फ्रेंच आली, ध्वनिनियम आले, परभाषेत भाषांतर करण्याचा लॅटिनच्या वर्गातला व्यायाम आला. बोलता येणं दुय्यम ठरलं. गॉथिक बहुतेक ठिकाणहून गेली, पण तो न्यूनगंड अजून वेळापत्रकात मुक्कामाला आहे. तेव्हा धागाकर्त्याची तक्रार निम्मी रास्त आहे.

निम्मीच, कारण 'भाषेलाच वेळ द्या' म्हणणारे विभाग स्वतःच्याच पायावर धोंडा मारून घेतात. अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाने २०२३ मध्ये अख्खा जागतिक भाषा विभाग बंद करायचा प्रस्ताव आणला. भाषा शिकायच्या तर ॲपवर शिकता येतील, हाही विचार तेव्हा पुढे आला. आरडाओरडा झाल्यावर शिकवणाऱ्यांच्या मोजक्या जागा उरल्या, भाषेच्या पदव्या गेल्या. क्लासवाला जे करतो तेच विद्यापीठ करणार असेल, तर प्रशासनाला क्लासवालाच स्वस्त पडतो.

उलटतपासणी
मी फ्रेंच भाषांतरावर पोट भरतो, त्यामुळे थोडं कडू बोलणार.

डीपएल हे यंत्रभाषांतराचं साधन २०१७ मध्ये आलं. आता माझ्याकडे येणारा बराचसा मजकूर यंत्राने आधीच उलथवलेला असतो आणि मी तो दुरुस्त करतो. दुरुस्तीला काय लागतं? समासचिन्ह म्हणतात ती नजर लागते, मान्य. पण सोबत विषयाचं ज्ञान लागतं: विमा, पेटंट, औषधांच्या चाचण्या. भाषेची पदवी घेऊन आलेली मुलं नजर घेऊन येतात आणि करारनाम्यातलं एक कलम समोर ठेवलं की गारठतात. वर तोंड उघडायला लाजतात. फोनवर ग्राहकाशी चार वाक्यं बोलायची वेळ आली की 'मेल करू का?' म्हणून विचारतात. पदवीच्या शेवटाला वाचन सी२ आणि बोलणं बी२, असा तिरपागडा माल बाहेर पडतो.

साहित्य ठेवा हो, पण सोबत कायदा, अर्थशास्त्र, काहीतरी दुसरा विषय सक्तीचा करा.

समासचिन्ह
@उलटतपासणी, 'माल' म्हणू नका, माझे विद्यार्थी आहेत ते. फोनबद्दलची तक्रार मात्र खरी आहे. वर्षभर त्या देशात राहून आलेल्यांचं तोंड उघडतं, बाकीच्यांचं नाही. युरोपातली विद्यार्थी-देवाणघेवाणीची एरास्मस योजना १९८७ पासून नेमकं त्यासाठी चालली आहे. वर्गात ती कसर भरून निघते असा माझा दावा नाही.

@कोरा_कागद, ज्या चौकटीचं प्रमाणपत्र तुम्ही नाचवताय, तिचा २०२० चा पूरक खंड उघडून बघा. त्यात साहित्यकृतींचं विश्लेषण आणि समीक्षा यांची स्वतंत्र श्रेणी आहे. शिवाय मध्यस्थी, म्हणजे एका भाषेतलं म्हणणं दुसऱ्या भाषेतल्या माणसापर्यंत पोचवणं, हे कौशल्य म्हणून सविस्तर मांडलंय. आणि सी२ म्हणजे मातृभाषकासारखं नव्हे, हे त्या चौकटीने आधीपासून बजावलंय.

दुपदरी
सगळे साहित्यावर भांडताय म्हणून वेगळीच काडी टाकते. प्रगत वर्गात आपलं नुकसान कोण करतं? मधली भाषा, म्हणजे इंग्रजी!

जर्मन सरकारी गद्यात अशा ओळी येतात: 'डी फोन डेर कोमिसिओन इम फेरगांगेनेन यार फोरगेलेग्टेन फोरश्लेगे'. इंग्रजीतून शिकवलेली पुस्तकं याला राक्षस ठरवतात. नाम शोधा, मागे या, 'विच'ने वाक्य फोडा, अशी चार पायऱ्यांची कसरत. मराठीत बघा: आयोगाने गेल्या वर्षी मांडलेले प्रस्ताव. विशेषणं त्याच जागी, धातुसाधित त्याच जागी, नाम शेवटी. फोडायचं काहीच नाही, आपण रोज असंच बोलतो! दुय्यम वाक्यात क्रियापद शेवटी टाकणं तेच, तीन लिंगं तीच (नामागणिक जुळत नाहीत हे खरं, पण तिसरं लिंग असतं याचा धक्का तरी बसत नाही). तरी आम्ही ते सगळं आधी इंग्रजीत नेऊन मोडलं आणि मग परत जोडत बसलो. तिथे किती तास गेले, तेही धागाकर्त्याच्या ३०० मधून वजा करा.

उलटतपासणी
@दुपदरी, हे वाचनापुरतं चालेल. लिहिताना त्याच सवयीने लोक वाक्यावर वाक्य कोंबतात आणि जर्मन संपादक लाल करून परत पाठवतो. फ्रेंचला तर हा फायदा औषधालाही नाही, तिथे सगळी शेपटी नामामागेच लागते.

दुपदरी
कोंबू दे की. निदान चूक कुठे झाली ते तरी कळेल. इंग्रजीतून आलेल्याला ती रचना लिहायचं धाडसच होत नाही, तो जन्मभर छोटी वाक्यं लिहून सुरक्षित राहतो.

कोरा_कागद
बरंच झोडपून झालं. गुंतवळ यांचा क्लासवाल्याचा मुद्दा लागला, तो टाळता येत नाही. पण तो विभाग वाचवण्याचा युक्तिवाद झाला, विद्यार्थ्याचा नाही. ज्याला तीन वर्षांनी मुलाखतीत अर्धा तास बोलायचंय, त्याने विभागाच्या अस्तित्वासाठी शोककविता का वाचाव्यात? माझं मत कायम आहे, फक्त 'ऐच्छिक'च्या जागी 'निम्मं' घाला. आणि जे ठेवाल ते जिवंत लेखकांचं ठेवा.

गुंतवळ
जिवंत लेखकांवर परीक्षक एकमताने गुण देत नाहीत, म्हणून मेलेले लागतात. (अर्धी चेष्टा.)

समासचिन्ह
प्रवेश घेणाऱ्यांपैकी कोणी वाचत असेल तर एक करा. विषयांची यादी सोडा, गुणांची विभागणी मागा. तोंडी परीक्षेला एकूण गुणांपैकी किती, ती कोण घेतं, आणि साहित्याचा पेपर त्या भाषेत लिहायचा की इंग्रजीत. तो इंग्रजीत असेल, तर कोरा_कागद यांच्याशी मी भांडत नाही, माझं मत त्यांनाच.