उन्हात लावलेल्या गाडीच्या मीटरवर ५१ अंश आणि लाल दिवा: सेन्सर बदलायचा का?

रामबाग_इंदूर
नमस्कार मंडळी. गाडी म्हणजे मोटरसायकल, ३७३ सीसी, लिक्विड कूल्ड, बीएस ६. दुपारी राजवाड्याच्या बाजूला उघड्यावर उभी असते. तीन तक्रारी आहेत.

एक, चावी लावली की मीटरवर बाहेरचं तापमान ५१ दिसतं. त्या दिवशी हवामान खात्याचा इंदूरचा आकडा ४२ असतो. दोन, ट्रॅफिकमधून येऊन गाडी बंद केली आणि दहा मिनिटांनी पुन्हा चालू केली, तर इंजिन टेंपरेचरचे दोन बार जास्त दिसतात. कधी लाल दिवाही लागतो आणि अर्ध्या मिनिटात विझतो. तीन, मीटरच्या स्क्रीनवर मधोमध काळा डाग येतो, संध्याकाळी तो नसतो.

मेकॅनिक म्हणतो कूलंट (इंजिन थंड ठेवणारा द्रव) फ्लश करू, म्हणजे जुनं काढून नवं भरू, सेन्सर आणि थर्मोस्टॅट (कूलंटचा रस्ता तापमानानुसार उघडणारी झडप) दोन्ही बदलू. खरंच गरज आहे का?

पिथमपूर_फिटर
आत्ता काहीच बदलू नका. तिन्ही गोष्टी वेगळ्या आहेत, त्यांना एकाच बिलात घालू नका.

बाहेरच्या तापमानाचा सेन्सर बहुतेक गाड्यांत हेडलाइटच्या मागे किंवा पुढच्या फेअरिंगच्या आत असतो. हवामान खात्याचं थर्मामीटर सावलीत, झडपांच्या पांढऱ्या लाकडी पेटीत, मोकळ्या हवेत असतं. तुमचा सेन्सर तापलेल्या काळ्या प्लॅस्टिकच्या आड, डांबराच्या वर अडकलेल्या हवेचं तापमान सांगतो. त्याचं ५१ त्याच्या जागेपुरतं खरं आहे. दहा-पंधरा मिनिटं चालत्या रस्त्यावर गाडी चालवा, आकडा खाली येईल. मोकळ्या रस्त्यावर अर्धा तास चालवूनही तो शहराच्या तापमानापेक्षा सात-आठ अंश वर राहिला तर सेन्सरची जागा सुटली आहे का किंवा रेडिएटरची गरम हवा तिकडे वळते आहे का ते बघा.

आता इंजिनचे बार. गाडी बंद केली की पाण्याचा पंप थांबतो, कूलंट जिथल्या तिथे उभं राहतं. सिलिंडर हेडची धातू त्या वेळी कूलंटपेक्षा बरीच जास्त गरम असते आणि ती उष्णता आता त्याच उभ्या कूलंटमध्ये उतरते. सेन्सर नेमका हेडजवळ किंवा थर्मोस्टॅटच्या घरात बसवलेला असतो, म्हणून पहिली पाच ते पंधरा मिनिटं आकडा वाढतो आणि मग हळूहळू उतरतो. तुम्ही त्याच टोकावर चावी लावता. पंप फिरला, रेडिएटरमधलं थंड कूलंट आलं, की अर्ध्या ते दीड मिनिटात बार खाली. तुमच्या गाडीत हेच होतंय.

काळजी कधी करायची? चालू इंजिनवर दोन मिनिटं झाली, रेडिएटरचा पंखा फिरतोय तरी दिवा विझत नाही. किंवा पंखा फिरतच नाही. किंवा चालत्या गाडीत, ५०-६० च्या वेगाने जाताना दिवा लागला. अशा वेळी गाडी लगेच बंद.

खजूरीबाजार
दादा, सोपा उपाय सांगतो. आमच्या इकडे उन्हाळ्यात थर्मोस्टॅट काढूनच टाकतात. आणि गाडी जास्तच तापली तर रेडिएटरवर बादलीभर पाणी.

वाल्व्ह_क्लिअरन्स
हे दोन्ही करू नका, कळकळीने सांगतो.

थर्मोस्टॅट साधारण ८० अंशांच्या आसपास उघडतो. इंजिन तापलेलं असताना तो आधीच पूर्ण उघडा असतो, त्यामुळे काढल्याने गरम टोकाला फारसा फरक पडत नाही. फरक थंड टोकाला पडतो. सकाळी इंजिन बराच वेळ नेमक्या तापमानाला येत नाही, ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) जास्त पेट्रोल सोडतो, मायलेज पडतं, तेलात पेट्रोल आणि ओलावा मिसळतो. जानेवारीत तर गाडी धड गरमच होणार नाही. थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकला असेल तर तो बदलायचा, काढून टाकायचा नाही. ओळख सोपी आहे: सकाळी थंड गाडी चालू करा, बार मधोमध येऊन वर सरकायला लागले तरी रेडिएटरचा वरचा होज थंडच लागतो, तर थर्मोस्टॅट अडकलाय. हात लावताना पंख्यापासून लांब.

तापलेल्या धातूवर थंड पाणी टाकलं की ॲल्युमिनियम एकदम आकसतं, शिवाय कनेक्टरमध्ये पाणी शिरतं. आणि रेडिएटर कॅप गरम असताना अजिबात उघडायची नाही. ५०:५० कूलंट साध्या दाबाला साधारण १०७ अंशांना उकळतं, १.१ बार दाबाच्या कॅपखाली ते १२५च्या पुढेही उकळत नाही. कॅप उघडली की दाब गेला, आणि तेच कूलंट क्षणात उकळून तोंडावर येतं.

रामबागकर, पंखा आधी तपासा. गाडी उभी ठेवून आयडल करा. बहुतेक गाड्यांत १०० ते १०५ अंशांच्या आसपास पंखा सुरू होतो. नाही झाला तर फ्यूज, मग रिले, मग कनेक्टर. ते ठीक असतील तर मोटरला थेट १२ व्होल्ट देऊन बघा. चावी बंद, इंजिन थंड असताना पेन्सिलने पातं फिरवा. जड लागलं तर बेअरिंगमध्ये धूळ-चिखल जाऊन मोटर धरली आहे.

मग रेडिएटरच्या फिन्स, म्हणजे पातळ पत्र्याच्या पट्ट्या. शेतातले किडे आणि माळव्याची ही बारीक माती मिळून त्यात घट्ट थर बसवतात. थंड गाडीवर साध्या पाइपने, इंजिनकडून पुढच्या बाजूला पाणी मारा. वॉशिंग सेंटरचा प्रेशर पाइप फिन्स आडव्या करतो आणि हवेचा रस्ता कायमचा बंद होतो.

कूलंट थंड इंजिनवर, गाडी सरळ धरून, टाकीच्या दोन खुणांमध्ये बघा. कमी असेल तर तयार कूलंट किंवा डिस्टिल्ड पाणी. नळाचं नर्मदेचं असो की बोरिंगचं, ते रेडिएटरमध्ये क्षार सोडतं.

पिथमपूर_फिटर
सहमत. यात एक भर: फ्लश केल्यावर हवा नीट काढली नाही तर सेन्सरभोवती बुडबुडा अडकतो आणि काटा किंवा बार एकदम वर-खाली उड्या मारतो. फ्लशनंतर तक्रार वाढली असं म्हणणारे लोक बहुधा याच कारणाने येतात. थंड इंजिन, रेडिएटरचं तोंड सगळ्यात उंच राहील अशी गाडी उभी करायची, कॅप उघडून आयडल, बुडबुडे निघतील तसं कूलंट भरायचं. वरचा होज गरम लागला की बंद करून थंड होऊ द्यायचं आणि पुन्हा पातळी बघायची. ते होईपर्यंत सेन्सरला दोष देऊ नका.

सेन्सर तपासायचाच असेल तर मल्टिमीटर पुरे. थंड सकाळी, २०-२५ अंशांना, तो दोन-अडीच हजार ओहमच्या आसपास दाखवतो. १०० अंशांच्या जवळ सुमारे दोनशे. कंपनीनुसार आकडे बदलतात, पण तापमान वाढलं की ओहम एकसारखे उतरले पाहिजेत. तार तुटली असेल तर ईसीयूला उणे ४० दिसतं आणि बऱ्याच गाड्यांत चावी लावताच पंखा कायम फिरत राहतो. अशा वेळी इंजिनच्या चित्राचा पिवळा दिवा लागतो. ओबीडी स्कॅनरवर (ईसीयूतले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र) पी०११७ म्हणजे शॉर्ट, पी०११८ म्हणजे तुटलेलं सर्किट. हा पिवळा दिवा नुसत्या उन्हाने लागत नाही. तो लागून राहिला तर कोड वाचूनच पुढचं काम करा.

वाल्व्ह_क्लिअरन्स
स्क्रीनचा काळा डाग: एलसीडीतला द्रव ठराविक तापमानापलीकडे गेला की आपली रचना सोडतो, म्हणून तिथे काळं दिसतं. थंड झाल्यावर तो द्रव पूर्ववत होतो. मात्र रोज असं होत राहिलं तर वरची पोलरायझर फिल्म पिवळी पडते, ती परत येत नाही.

म्हणून गाडी कशी लावता याला महत्त्व आहे. मीटर चालवणाऱ्याकडे, म्हणजे मागे तोंड करून असतो. गाडीचं नाक पूर्वेला असेल तर दुपारनंतरचं पश्चिमेचं ऊन थेट स्क्रीनवर. नाक पश्चिमेला ठेवा किंवा मीटरवर सुती कापड टाका. इंदुरात जूनच्या पहिल्या आठवड्याच्या सुमारास सूर्य भर दुपारी जवळजवळ डोक्यावर असतो, तेव्हा भिंतीची सावली मिळत नाही. झाडच शोधावं लागतं. नाक भिंतीला चिकटवून लावू नका, पंख्याची गरम हवा अडकते. तापलेल्या गाडीवर लगेच कव्हरही टाकू नका.

रामबाग_इंदूर
पंखा १०० च्या आसपास चालू होतोय, फिन्समध्ये मात्र बरीच माती आहे. टायर प्रेशरची सूचनाही दुपारी येते, ३३ चे ३६ पीएसआय. हवा कमी करू का?

पिथमपूर_फिटर
नको. दर पाच-सहा अंशांना साधारण १ पीएसआय वाढतं आणि काळा टायर उन्हात भरपूर तापतो. सकाळी, गाडी हलवण्याआधी कंपनीने सांगितलेलं प्रेशर भरा. दुपारी कमी केलंत तर दुसऱ्या दिवशी सकाळी तीन पीएसआय कमी भरेल. फिन्स धुतल्यावर दोन-तीन दिवस त्याच जागी लावून बघा आणि लाल दिवा विझायला किती वेळ लागतो ते इथे लिहा. पंखाही बघा, आयडलवर चालू झाल्यावर तो बंद व्हायला किती वेळ घेतो.