मदत हवी आहे: स्पिटफायरच्या वळणात वेग टिकत नाही, दोष हाताचा की डावपेचांचा?

नमस्कार.

गेले आठ महिने मी डीसीएस या संगणकावरच्या लढाऊ विमानांच्या सिम्युलेटरमध्ये स्पिटफायर एलएफ मार्क ९ हे एकच विमान नेटाने उडवतो आहे. उड्डाण आणि लँडिंग आता नीट जमते. अडते ते समोरासमोरच्या लढतीत. समोर बहुधा मेसरश्मिट बीएफ १०९ के-४ असते. वेगात आणि चढाईत ते सरस, तर वळण्यात स्पिटफायर सरस, हे ठाऊक असल्यामुळे मी वळणावरच भर देतो. तरीही तिसऱ्या-चौथ्या वळणात माझा वेगाचा काटा ताशी ३०० मैलांवरून १६० वर आलेला असतो आणि ते विमान माझ्या डोक्यावर चढून बसलेले असते. हवेचा रोध सोडून, वेगाच्या बदल्यात किती उंची मिळेल याचा हिशेब केला, तर ३०० मैलांचा वेग म्हणजे सुमारे ३,००० फूट उंची आणि १६० म्हणजे जेमतेम ८५०. दोन हजार फुटांहून अधिक उंचीची पुंजी मी उधळतो आणि नेम धरण्याची एकही संधी पदरात पडत नाही, याची मला फार रुखरुख लागते.

टॅकव्ह्यू या, उड्डाणांची रेकॉर्डिंग तपासण्याच्या प्रोग्रॅममध्ये माझी उड्डाणे पाहिली, तेव्हा जी-भाराची (गुरुत्वाच्या किती पट भार पडतो, त्याची) रेषा करवतीच्या दात्यांसारखी दिसली: ३, ५, पुन्हा ३, पुन्हा ५. आधी वाटले की कारण सापडले. परंतु ठरावीक वेगाला उचल निर्माण करताना होणारा रोध भाराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, हे धरले तर ३ आणि ५ यांच्या वर्गांची सरासरी १७ येते आणि एकसारख्या ४ जीचे वळण १६ देते. एवढ्याशा फरकाने एवढा वेग जाणार नाही. म्हणून आता माझा संशय त्या दात्यांच्या टोकांवर आहे, कारण तिथे विमान थरथरू लागते, म्हणजे पंख स्टॉलच्या (उचल कोसळण्याच्या) उंबरठ्यावर येतो आणि वर्गाचा नियम मोडून रोध एकदम चढतो. शिवाय वेग उतरत जातो तसे मर्लिन इंजिनाच्या जोरामुळे नाक डावीकडे सरकते आणि उजवा रडर (शेपटीचे उभे सुकाणू) द्यायला मी उशीर करतो. या विमानात बाजूची घसरण दाखवणारी घरंगळणारी गोळी नसून दोन काट्यांचे यंत्र आहे. त्यातला वरचा काटा घसरण दाखवतो आणि ऐन वळणात माझी नजर शत्रूवर असल्याने तो काटा बाजूला गेल्याचे मला रेकॉर्डिंग पाहतानाच कळते.

माझी जॉयस्टिक टेबलावरची, आखूड दांडीची आहे. या विमानाचा एलिव्हेटर (नाक वर-खाली करणारा शेपटीचा भाग) अतिशय हलका असल्याने मी त्याच्या अक्षाला २० चा कर्व्ह (दांडी मध्याजवळ असताना प्रतिसाद मंद करणारी सेटिंग) दिला. त्यामुळे सरळ उड्डाणात हात स्थिर झाला खरा, पण दांडी मागे ओढलेली असताना तीच हालचाल अधिक तीव्र होते, आणि वळणात तर मी सगळा वेळ तिथेच असतो. म्हणजे जिथे नाजूकपणा हवा, तिथेच मी तो घालवून बसलो आहे, असे वाटते. कर्व्ह काढून टाकून दांडीला लांबी देणारी नळी बसवावी का? ज्यांनी ती बसवली आहे, त्यांना मूळ स्प्रिंग पुरली का?

दुसरे असे की, थरथर सुरू होण्याच्या किंचित अलीकडे हात धरून ठेवण्याची सवय तुम्ही कशी लावली? मी सध्या १०,००० फुटांवर, इंजिनाचे मिनिटाला २,८५० फेरे आणि १२ बूस्ट (इंजिनात जाणाऱ्या हवेचा जादा दाब) ठेवून, शत्रूशिवाय ३ जीची सलग वळणे घेतो. पण शत्रू दिसला की हात पुन्हा झटके देतो. आणि वेग २०० च्या खाली जाऊ लागला, की त्याच पातळीत वळत राहण्याऐवजी नाक वर नेऊन, उंची साठवून, मग आत उतरण्याचा यो-यो नेमका कोणत्या क्षणी सुरू करावा? माझा तो नेहमी उशिरा सुरू होतो, आणि वर पोहोचेपर्यंत विमानात वळण्यापुरताही वेग उरत नाही.

कोणी रेकॉर्डिंग पाहायला तयार असेल, तर तीन लढतींच्या टॅकव्ह्यू फायली मी लगेच पाठवू शकतो.