गोल्फमधली जोडीवरची पैज: खरंच सोपी की फक्त दिसायला?

हिशेबी
गोल्फ स्पर्धेचा विजेता कोण, यावर पैसे लावणं मला लॉटरीसारखं वाटतं. दीडशेच्या आसपास खेळाडू, चार दिवस, 72 होल. अव्वल नंबरचा खेळाडूसुद्धा बहुतेक आठवड्यांत हरतोच. त्यापेक्षा हेड-टू-हेड बरं. बुकी दोघांची जोडी लावतो आणि त्यातला कोण कमी फटक्यांत संपवेल एवढंच आपण सांगायचं. बाकीच्यांशी देणंघेणं नाही.

2024 ची गोल्फची यूएस ओपन आठवा. पाइनहर्स्टला शेवटच्या दिवशी रोरी मॅकिलरॉयने 16व्या होलवर जेमतेम अडीच फुटांचा पट (चेंडू होलमध्ये ढकलायचा हलका फटका) घालवला, 18व्यावर चार फुटांच्या आतला. ब्रायसन डीशॅम्बो एका फटक्याने जिंकला. रोरीला विजेता धरणाऱ्यांनी कपाळ बडवून घेतलं. पण 'रोरी की शेफ्लर' (स्कॉटी शेफ्लर, तेव्हाचा अव्वल नंबरचा खेळाडू) या जोडीत रोरी घेतलेल्याला ते दोन पट पाहताना घामही फुटला नसता, कारण शेफ्लर पार 41व्या क्रमांकावर होता. अभ्यासाला न्याय मिळतो तो इथे, असं माझं मत.

ओलं गवत
निकाल लागल्यावर सगळेच ज्योतिषी! आदल्याच रविवारी शेफ्लरने मेमोरियल स्पर्धा जिंकली होती. त्या सोमवारी त्याच्याविरुद्ध रोरी घ्यायची तुमची छाती झाली असती का?

आता भावाचं बोलू. जोडीत दोन्ही बाजूंना साधारण 1.91 मिळतो, म्हणजे 110 डॉलर लावले तर जिंकल्यावर 100 फायदा. अशा शंभर पैजा लावा. 52 जिंकलात तर आले 5,200 आणि गेले 5,280. म्हणजे निम्म्याहून जास्त वेळा बरोबर ठरूनही खिशातून 80 गेलेच. 53 जिंकलात तरच वर याल. आणि जोडी कोण ठरवतो? बुकी. जिथे त्याला स्वतःला फरक दिसत नाही, नेमकी तीच जोडी तो तुमच्यापुढे ठेवतो.

चुकलेला पट
मी वर्षभर हे केलंय, म्हणून सांगतो: पैसे गेले ते नियमांच्या बारीक अक्षरांत.

माझा खेळाडू गुरुवारी सुरुवात करून नऊ होलनंतर पाठ धरून बाहेर पडला. पैज हरली. तोच पहिला फटका मारायच्या आधी हटला असता तर पैसे परत मिळाले असते. दुसऱ्यांदा दोघेही कटमध्ये (दोन फेऱ्यांनंतर मागे पडलेल्यांना वगळतात त्यात) गळाले, तेव्हा 36 होलचा स्कोअर धरला आणि मी एका फटक्याने गेलो. तिसऱ्यांदा बरोबरी झाली. मला वाटलं पैसे परत. पण तिथे बरोबरीचा भाव वेगळा लावलेला होता, त्यामुळे दोन्ही खेळाडू घेणारे बुडाले. चूक माझीच, मी वाचलंच नव्हतं. पण लावण्याआधी हे वाचतं कोण?

सरळरेघ
हिशेबींशी सहमत, पण आकडे कुठले पाहायचे ते महत्त्वाचं. पटिंग एका आठवड्यात चढतं नि पुढच्या आठवड्यात उतरतं. आयर्नचे, म्हणजे लोखंडी काठीने हिरवळीकडे मारायचे फटके त्यामानाने टिकून राहतात. मार्क ब्रॉडी या प्राध्यापकाने स्ट्रोक्स गेन्ड (प्रत्येक फटक्याने इतरांच्या सरासरीपेक्षा किती कमावलं) ही मोजणी मांडली आणि पीजीए टूरने, म्हणजे अमेरिकेतल्या मुख्य व्यावसायिक गोल्फ मालिकेने, 2011 मध्ये पटिंगसाठी ती स्वीकारली, तेव्हापासून कोण कशामुळे वर आला हे वेगळं काढता येतं. गेल्या रविवारी नुसत्या पटरच्या (पट मारायच्या काठीच्या) जिवावर तिसरा आलेला खेळाडू पुढच्या जोडीत दिसला की मी डोळे झाकून समोरचा घेतो. (डोळे झाकून म्हणजे तासभर आकडे चाळून.)

ओलं गवत
सरळरेघ, ते आकडे बुकीकडे नाहीत का? एक हिशेब करू. एका फेरीतला चढउतार सुमारे 3 फटके धरा आणि तुमचा खेळाडू दर फेरीला अर्ध्या फटक्याने सरस धरा. बरोबरी सोडली तर एका फेरीत तो जिंकण्याची शक्यता येते 55 टक्क्यांच्या आसपास, चार फेऱ्यांत 59. एवढा चांगला खेळाडू, तरी दहात चार वेळा हरणार! आणि त्याच्यावर 1.91 कोणी देणार नाही; भाव 1.60 च्या आसपास असेल. तुमचा अभ्यास आधीच भावात जमा झालेला असतो.

लांबून पाहणारी
तुम्ही सगळे खिशाचं बोलताय, मी खेळाचं बोलते. 2023 च्या बीएमडब्ल्यू चॅम्पियनशिपमध्ये मॅक्स होमा हा खेळाडू पट मारत असताना गर्दीतून एकजण मुद्दाम ओरडला. कशासाठी, तर तीन डॉलरच्या पैजेसाठी! होमाचा पट तरीही होलमध्ये गेला, ते सोडा.

आणि जोडीच्या पैजेत आणखी एक खोट आहे. स्पर्धा जिंकून देणं कोणाच्या हातात नसतं, पण एका ठरावीक माणसापेक्षा दोन फटके जास्त घेणं एकट्यालाही जमतं. त्याला कोणी बघणारही नाही. त्याच वर्षी दुय्यम टूरवरच्या दोघांना पीजीए टूरच्या स्पर्धांवर पैसे लावल्याबद्दल निलंबित केलं होतं. त्यांनी खेळ विकला असा आरोप नव्हता, पण टूरला धास्ती वाटते ती उगाच नाही.

हिशेबी
ताई, ओरडणाऱ्यांबद्दल एकदम मान्य. ओलं गवत, भावाचं गणितही मान्य. सगळ्या जोड्या लावायच्या नसतातच, आठवड्याला एक-दोन. माझा भर हवेवर असतो. समुद्रकाठच्या कोर्सवर एक खेळाडू सकाळी आणि दुसरा दुपारी उतरला, तर वाऱ्यानेच दोन-तीन फटक्यांचा फरक पडू शकतो. जोड्या सोमवारी लागतात, पहिल्या दोन फेऱ्यांच्या वेळा बहुधा मंगळवारी. वेळा आल्यावर अंदाज बघायचा आणि मगच लावायचं.

ओलं गवत
बघा की. अंदाज पाहून परत येईपर्यंत तुमच्या 1.91 चा 1.75 झालेला असेल.

चुकलेला पट
आणि तो भाव घेऊन बसलात की वारा शुक्रवारी पडतो. विचारा मला.