आय-४८५ (ग्रीन कार्डाचा अर्ज) प्रलंबित असताना भारतात जाणे

आईंना भेटायला भारतात जाता येईल का, या एका ताईंच्या प्रश्नावर 'ग्रीन कार्डाचा अर्ज एकदा भरला की भारतात जाऊन यायला हरकत नाही' असं उत्तर कोणीतरी दिलंय, ते सरसकट खरं नाही. कृपया त्यावर विसंबून कोणी तिकीट काढू नका. आय-४८५ प्रलंबित असताना अ‍ॅडव्हान्स पॅरोल (बाहेर जाऊन परत येण्याची आगाऊ परवानगी) न घेता अमेरिकेबाहेर गेलं, तर अर्ज सोडून दिला असंच सहसा धरतात. एच-१बी, एल-१ (नोकरीचे व्हिसा) आणि त्यांच्यावर अवलंबून असलेले एच-४, एल-२ (कुटुंबीयांचे व्हिसा) यांना सूट आहे, पण तो दर्जा टिकलेला हवा आणि परतताना व्हिसाही वैध हवा. लोक अडकतात ते इथेच. ईएडी (काम करण्याचा परवाना) आलं म्हणून दुसऱ्या कंपनीत त्यावर रुजू झालात, की एच-१बीचा दर्जा गेला आणि ही सूटही गेली. एफ-१ (विद्यार्थी व्हिसा) वाल्यांना तर ती मुळातच नाही.

ताई, तुमच्या आईंची तब्येत नाजूक आहे म्हणताय, तर आय-१३१ (अ‍ॅडव्हान्स पॅरोलचा अर्ज) आजच भरा. अगदीच आणीबाणी आली तर यूएससीआयएसकडे (अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याकडे) तातडीच्या पॅरोलची सोय आहे. दवाखान्याचं पत्र जवळ ठेवा. मात्र मंजुरीचा कागद हातात पडल्याशिवाय विमानात बसू नका. 'अर्ज केलाय' एवढी पावती पुरत नाही.