डेंग्यूचा टायटर: प्लाक सोडून चिपकडे वळावं का?

रानजाई: पुण्यात पीएचडी करतेय, तिसरं वर्ष. डेंग्यूचा टायटर, म्हणजे नमुन्यात संसर्ग करू शकणारे विषाणू किती, ते मोजायला व्हेरो पेशींवर (माकडाच्या मूत्रपिंडाच्या पेशी) प्लाक अ‍ॅसे लावते: विषाणू पेशींच्या थरात भोकं (प्लाक) पाडतो, ती मोजायची. सहा-सात दिवस वाट बघायची, आणि क्रिस्टल व्हायोलेट ओतलं की कळतं, पेशींचा थर निम्मा सुटून आलाय. बोटं जांभळी, हाती भोपळा. सर म्हणतात मायक्रोफ्लुइडिक चिप (केसाएवढ्या बारीक नलिकांची छोटी पट्टी) बघ. खरंच उपयोग होतो का?

खडूसकाका: पीसीआर कर की. दोन-तीन तासांत आकडा.

रानजाई: काका, पीसीआर निकामी विषाणूचा आरएनएसुद्धा मोजतं. मला संसर्ग करू शकणारे किती, ते हवंय.

थेंबेथेंबे: मी थेंबांची चिप वापरते, पेशी आणि विषाणू तेलातल्या बारीक थेंबांत कोंडायचे. १०० मायक्रॉन व्यासाचा थेंब म्हणजे जेमतेम अर्धा नॅनोलिटर. पेशी असलेल्या थेंबांपैकी ३७ टक्के कोरे (संसर्गाविना) राहिले, तर पॉयसनच्या (यदृच्छ वाटणीच्या) हिशेबाने थेंबामागे सरासरी एक संसर्गकारक कण. गणित गोड आहे. पण माझा विषाणू हिरवा चमकणारा आहे, संसर्ग झालेला थेंब आपोआप दिसतो. तुझा रुग्णाकडून आलेला असेल तर थेंबात रंगवत बसणं म्हणजे डोकेदुखी. शिवाय व्हेरोला बूड टेकायला जागा लागते. तू सरळ नलिकांची चिप घे. एक बुडबुडा शिरला की अख्खा थर खरवडून नेतो, एवढं सांभाळ. आणि पीडीएमएसमधून (चिपचं रबरासारखं सिलिकॉन) पाण्याची वाफ निसटते. चिपशेजारी ओला टिश्यू ठेव.

रानजाई: म्हणजे थर इथेही सुटणारच!

थेंबेथेंबे: हो गं. आधी ९६ खळग्यांच्या प्लेटमध्ये अँटिबॉडीने फोकस (संसर्ग झालेल्या पेशींचे पुंजके) मोजून बघ. दोन-तीन दिवसांत होतं.